मोटारीतील मूळ ॲम्प्लिफायर आणि बदली स्पीकर यांची जुळणी

मोटार कारखान्यातून बाहेर पडताना तिच्यात बसवलेला ॲम्प्लिफायर कायम ठेवून केवळ स्पीकर बदलायचे असल्यास, नवे स्पीकर त्या ॲम्प्लिफायरला विद्युत्, ध्वनिक आणि यांत्रिक दृष्ट्या योग्य ठरतील अशा रीतीने निवडण्याला व जोडण्याला मूळ ॲम्प्लिफायर आणि बदली स्पीकर यांची जुळणी म्हणतात. मराठी विज्ञानपरिभाषेत ॲम्प्लिफायरला विवर्धक व स्पीकरला ध्वनिक्षेपक हे शब्द आहेत. व्यवहारात मात्र मूळ इंग्रजी शब्दच रूढ झाले आहेत.

हा प्रश्न उद्भवतो तो मुख्यतः दोन्ही घटकांच्या आयुष्यातील फरकामुळे. दारात बसवलेल्या स्पीकरचा कागदी शंकू आणि त्याच्या कडेची फोमची किंवा रबरी झालर ऊन, धूळ व पावसाळी दमटपणा यांमुळे काही वर्षांत विरते. ॲम्प्लिफायरला हलणारे भाग नसल्याने तो सहसा अधिक काळ टिकतो. स्पीकर तुलनेने स्वस्त व सहज मिळणारा असतो, तर मूळ ॲम्प्लिफायर महाग असतो आणि पुष्कळदा त्या विशिष्ट मोटारीसाठीच संकेतबद्ध केलेला असतो. चुकीचा स्पीकर जोडल्याने ॲम्प्लिफायरची एखादी वाहिनी जळाली, तर काही हजार रुपयांच्या बदलाचा खर्च अनेक पटींनी वाढतो. खरेदी करताना ग्राहक बहुधा खोक्यावर छापलेले वॉट पाहतो. जुळणीच्या दृष्टीने मात्र संरोध, संवेदनशीलता आणि मूळ ॲम्प्लिफायरमध्ये आधीच केलेली स्वररचना या तीन गोष्टी अधिक निर्णायक असतात.

पार्श्वभूमी

अमेरिकेत गॅल्विन बंधूंच्या कंपनीने १९३० मध्ये ‘मोटोरोला’ या नावाने मोटारीसाठी रेडिओ बाजारात आणला. त्यानंतरच्या काळात मोटारीची विद्युत् यंत्रणा ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर आली. मोटारीतील ध्वनियंत्रणेच्या मर्यादा याच आकड्याने ठरवल्या आहेत. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर सुमारे १४.४ व्होल्ट मिळतात. स्पीकरच्या दोन्ही टोकांना उलटसुलट ढकलणाऱ्या, म्हणजे ‘ब्रिज’ पद्धतीच्या ॲम्प्लिफायरमध्ये अंतर्गत घट वजा जाता साधारण ९ व्होल्ट परिणामी विद्युत् दाब स्पीकरपर्यंत पोहोचतो. दाबाच्या वर्गाला संरोधाने भागले की शक्ती मिळते. ४ ओहमच्या स्पीकरसाठी ती सुमारे २० वॉट येते आणि ८ ओहमच्या स्पीकरसाठी केवळ १०. घरगुती यंत्रणेत ८ ओहमचे स्पीकर प्रचलित असताना मोटारीत ४ ओहम रूढ झाले याचे कारण हेच. एका वाहिनीमागे २० वॉटचा हा हिशेब डॅशबोर्डातील जवळपास प्रत्येक साध्या रेडिओला लागू पडतो, मग त्याच्यावर ‘४ × ५० वॉट’ असे ठळक अक्षरांत का छापलेले असेना.

याहून अधिक शक्ती हवी असल्यास दोन मार्ग उरतात: ॲम्प्लिफायरमध्येच दाब वाढवणारे मंडल बसवणे किंवा स्पीकरचा संरोध कमी करणे. अनेक मोटार उत्पादकांनी दुसरा, स्वस्त मार्ग पत्करला आणि २ ओहमचे किंवा त्याहूनही कमी संरोधाचे स्पीकर खास बनवून घेतले. या दिशेने पहिले मोठे पाऊल बोस कंपनीने जनरल मोटर्सच्या सहकार्याने टाकले. कंपनीचे संस्थापक अमर बोस हे फिलाडेल्फियात जन्मलेले, बंगाली वडिलांचे पुत्र आणि मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापक होते. १९८३ च्या मॉडेलवर्षात कॅडिलॅक सेव्हिल व आणखी काही मोटारींमध्ये आलेल्या त्यांच्या यंत्रणेत प्रत्येक स्पीकरला स्वतंत्र ॲम्प्लिफायर होता आणि त्याची स्वररचना त्या मोटारीच्या अंतर्भागाचे मापन करून ठरवली होती. स्पीकर, ॲम्प्लिफायर आणि मोटारीचा अंतर्भाग हे एकच यंत्र मानण्याची ही कल्पना पुढे सर्वत्र पसरली. बदली स्पीकर निवडणे अवघड झाले ते यामुळेच.

महाराष्ट्रात बनणाऱ्या मोटारींतही आता अशा यंत्रणा आढळतात. पुण्यात तयार होणाऱ्या टाटा हॅरियरच्या २०१९ मधील वरच्या प्रकारांत जेबीएलचे चार स्पीकर, चार ट्वीटर व एक सबवूफर अशी नऊ स्पीकरांची मांडणी स्वतंत्र ॲम्प्लिफायरसह आली. चाकणच्या महिंद्रा एक्सयूव्ही ७०० मध्ये २०२१ पासून सोनीची बारा स्पीकरांची यंत्रणा मिळू लागली. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा येथील कारखान्यात २००१ पासून स्कोडाच्या आणि पुढे ऑडीच्या मोटारी जुळवल्या गेल्या. त्यांपैकी ऑडीच्या अनेक प्रकारांत ॲम्प्लिफायरकडे जाणारा संकेत तांब्याच्या तारेतून नव्हे, तर प्रकाशतंतूंच्या वलयातून जातो.

मूळ यंत्रणेचे प्रकार

साध्या मोटारींत ॲम्प्लिफायर वेगळा नसतो. रेडिओच्या किंवा टचस्क्रीनच्या आतच चार वाहिन्यांची एक चिप असते आणि तिथून तारा थेट दारांकडे जातात. अशा मोटारींत ४ ओहमचा कोणताही चांगला स्पीकर बहुतेक वेळा चालतो.

दुसऱ्या प्रकारात आसनाखाली, सामानकक्षाच्या बाजूच्या आवरणामागे किंवा डॅशबोर्डाच्या आत स्वतंत्र ॲम्प्लिफायर असतो. जाळीवर एखाद्या ध्वनी कंपनीचे नाव असणे, कारखान्यातूनच सबवूफर येणे किंवा स्पीकरांची संख्या सहापेक्षा अधिक असणे ही त्याची बाह्य लक्षणे होत. या यंत्रणांचेही दोन पोटप्रकार पडतात. काहींत एका वाहिनीवर दारातील वूफर व आरशाजवळचा ट्वीटर हे दोन्ही असतात आणि ट्वीटरच्या मागे चिकटवलेला लहानसा कपॅसिटर खालचे स्वर अडवतो. काहींत मात्र वूफर व ट्वीटर यांना स्वतंत्र वाहिन्या असून स्वरांची विभागणी ॲम्प्लिफायरच्या आत आधीच झालेली असते. दुसऱ्या पोटप्रकाराला ‘ॲक्टिव्ह’ म्हणतात. हा फरक बाहेरून दिसत नाही, पण खरेदीची दिशा त्यावरच ठरते.

संरोध

प्रत्यावर्ती विद्युत् प्रवाहाला स्पीकर जो एकूण विरोध करतो त्याला संरोध म्हणतात. बाजारात त्याला नुसते ‘ओहम’ म्हटले जाते. हा आकडा स्थिर नसतो. ४ ओहमचा म्हणून विकला जाणारा स्पीकर आपल्या नैसर्गिक अनुनादाच्या वारंवारतेला २० ओहमहूनही अधिक विरोध करू शकतो आणि इतरत्र ३.२ ओहमपर्यंत उतरतो. आंतरराष्ट्रीय विद्युत् तांत्रिक आयोगाच्या ६०२६८-५ या मानकानुसार संरोधाचे किमान मूल्य नाममात्र आकड्याच्या ८० टक्क्यांच्या खाली जाऊ नये, अशी अपेक्षा आहे.

मूळ स्पीकरच्या मागे ओहमचा आकडा छापलेला असेलच असे नाही. त्यामुळे साध्या मल्टिमीटरने मोजणी करणे हाच भरवशाचा मार्ग ठरतो. त्यासाठी स्पीकरची जोडतार पूर्णपणे काढून त्याच्या दोन टोकांमधील रोध मोजतात. मीटर दाखवतो तो एकदिश प्रवाहाचा रोध असल्याने तो नाममात्र संरोधापेक्षा थोडा कमी येतो: ४ ओहमचा स्पीकर साधारण ३.२ ते ३.८, २ ओहमचा १.६ ते १.९ आणि ८ ओहमचा ५.५ ते ७ ओहम दाखवतो. मीटरच्या तारांचा स्वतःचा रोध अर्ध्या ओहमपर्यंत असू शकतो. ८ ओहम मोजताना ती चूक खपून जाते, पण २ ओहमच्या स्पीकरला ती २.४ चा करून दाखवते. म्हणून आधी दोन्ही टोके एकमेकांना टेकवून येणारे मूल्य वजा करावे लागते. ट्वीटरला मागे कपॅसिटर असल्यास मीटर अनंत रोध दाखवतो. त्याचा अर्थ ट्वीटर जळाला असा होत नाही. मोजणी कपॅसिटरच्या पलीकडे, थेट कॉइलच्या टोकांवर करावी लागते.

मूळ स्पीकर ४ ओहमचा असताना २ ओहमचा बसवला, तर तोच दाब दुप्पट प्रवाह वाहवतो. आवाज सुरुवातीला वाढतो आणि ग्राहक खूश होतो. ॲम्प्लिफायरमधील उष्णता मात्र त्याच प्रमाणात वाढलेली असते. चांगल्या ॲम्प्लिफायरमध्ये संरक्षक मंडल असते व तापमान मर्यादेबाहेर गेल्यास ते आवाज तोडते. खानदेशात व अजिंठा डोंगररांगेच्या उत्तरेस असलेल्या सोयगावच्या परिसरात मे महिन्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. उन्हात उभ्या राहिलेल्या बंद मोटारीच्या आतील तापमान त्याहून कितीतरी अधिक असते, आणि आसनाखालच्या ॲम्प्लिफायरला उष्णता बाहेर टाकण्यास वाव उरत नाही. हिवाळ्यात निर्धोक वाटलेली जोडणी उन्हाळ्यात दर अर्ध्या तासाने बंद पडू लागते ती यामुळे.

उलट बदल, म्हणजे २ ओहमच्या जागी ४ ओहमचा स्पीकर, ॲम्प्लिफायरच्या दृष्टीने सुरक्षित असतो. त्याची किंमत आवाजात मोजावी लागते. शक्ती निम्मी होते, म्हणजे पातळी ३ डेसिबलने घटते. चारही दारांचे स्पीकर एकाच वेळी बदलल्यास हा फरक आवाजाची कळ थोडी पुढे नेऊन भरून काढता येतो. पुढचेच दोन बदलल्यास मागचे स्पीकर वरचढ होतात आणि गायक मागच्या आसनावर जाऊन बसल्यासारखा भास होतो.

सर्वाधिक फसगत होते ती एका वाहिनीवर वूफर व ट्वीटर एकत्र असलेल्या मोटारींत. दारात मूळ वूफरच्या जागी कोएक्सियल स्पीकर, म्हणजे मध्यभागी स्वतःचा ट्वीटर असलेला स्पीकर बसवला जातो आणि आरशाजवळचा जुना ट्वीटर तसाच राहतो. खालच्या स्वरांना ॲम्प्लिफायरला ४ ओहमच दिसतात, पण वरच्या स्वरांना दोन ट्वीटर समांतर येऊन संरोध २ ओहमच्या आसपास उतरतो. शिवाय एकच वरचा स्वर दोन ठिकाणांहून, किंचित वेगवेगळ्या वेळी कानावर पडल्याने झांजा व तंतुवाद्ये बोचरी वाटतात. अशा वेळी जुना ट्वीटर खंडित करणे किंवा कोएक्सियलऐवजी स्वतंत्र वूफर व ट्वीटरचा कॉम्पोनंट संच घेणे योग्य ठरते.

केवळ ट्वीटर बदलतानाही ओहम महत्त्वाचे असतात. मूळ कपॅसिटर १० मायक्रोफॅरडचा व ट्वीटर ४ ओहमचा असल्यास स्वरविभागणी सुमारे ४,००० हर्ट्झला होते. त्याच कपॅसिटरमागे ८ ओहमचा ट्वीटर लावल्यास ती २,००० हर्ट्झपर्यंत खाली येते आणि नाजूक ट्वीटरला न पेलणारे मध्यम स्वर त्याच्याकडे जाऊ लागतात.

संवेदनशीलता आणि वॉट

१ वॉट शक्ती दिली असता १ मीटर अंतरावर स्पीकर जितक्या डेसिबलचा आवाज देतो, ती त्याची संवेदनशीलता. आवाज ३ डेसिबलने वाढवण्यासाठी शक्ती दुप्पट करावी लागते. त्यामुळे ८६ डेसिबलच्या स्पीकरला ९२ डेसिबलच्या स्पीकरइतका आवाज देण्यास चौपट शक्ती लागते. मूळ ॲम्प्लिफायर २० वॉटचा असेल, तर पहिला स्पीकर १ मीटरवर जास्तीत जास्त ९९ डेसिबल व दुसरा १०५ डेसिबल गाठतो. जड शंकू, जाड कॉइल व ‘५०० वॉट’ असा शिक्का असलेला महागडा स्पीकर साध्या रेडिओवर मूळ कागदी स्पीकरपेक्षा मंद वाजतो, ही तक्रार म्हणूनच वारंवार ऐकू येते. त्यात स्पीकर सदोष नसतो. तो मोठ्या ॲम्प्लिफायरसाठी बनवलेला असतो. मूळ ॲम्प्लिफायर कायम ठेवायचा असल्यास ९० डेसिबल किंवा त्याहून अधिक संवेदनशीलतेचा, हलक्या शंकूचा स्पीकर अधिक उपयुक्त ठरतो.

या आकड्यातही एक खाच आहे. काही उत्पादक संवेदनशीलता १ वॉटला न देता २.८३ व्होल्टला देतात. ८ ओहमच्या स्पीकरसाठी २.८३ व्होल्ट म्हणजे नेमका १ वॉट, पण ४ ओहमच्या स्पीकरसाठी तो २ वॉट आणि २ ओहमसाठी ४ वॉट होतो. म्हणजे ४ ओहमच्या स्पीकरचा आकडा ३ डेसिबलने व २ ओहमचा ६ डेसिबलने फुगलेला दिसतो. दोन स्पीकरांची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच पद्धतीने मोजलेले आहेत की नाहीत हे पाहणे आवश्यक असते.

स्पीकरवरील वॉटचा आकडा तो किती शक्ती सहन करील हे सांगतो, किती आवाज देईल हे नव्हे. त्यातही ‘आरएमएस’ म्हणून दिलेले सातत्याचे मूल्यच ग्राह्य धरले जाते. ‘कमाल’ किंवा ‘पीक’ मूल्य हा बहुतांशी विक्रीचा अलंकार असतो. ॲम्प्लिफायरच्या बाबतीत फ्यूजवरून सत्य लगेच कळते. १५ अँपिअरच्या फ्यूजमधून १४.४ व्होल्टला फार तर २१६ वॉट विद्युत् शक्ती आत जाते आणि तिचा काही भाग उष्णतेत जातोच. त्यामुळे अशा यंत्रणेतून सातत्याने हजार वॉट बाहेर पडणे शक्य नसते. स्पीकरची सहनशक्ती ॲम्प्लिफायरपेक्षा जास्त असली तरी तो सुरक्षितच आहे असेही नाही. लहान ॲम्प्लिफायर क्षमतेपलीकडे ताणल्यास त्याच्या लहरींची टोके कापली जातात, त्यातून वरच्या स्वरांची ऊर्जा वाढते आणि सर्वांत आधी ट्वीटर जळतो.

मोटारीतील गोंगाट हा यातील दुर्लक्षित घटक आहे. टायर व इंजिन यांच्या आवाजात खालच्या वारंवारता प्रबळ असतात. सोयगाव तालुक्यातील फर्दापूरकडून अजिंठा घाट चढताना खालच्या गिअरमध्ये इंजिन जोर करते, तेव्हा गाण्यातील तबल्याचा डग्गा प्रथम दिसेनासा होतो, बासरी ऐकू येत राहते. तो भरून काढण्यासाठी चालक बास वाढवतो आणि ॲम्प्लिफायर मर्यादेपलीकडे जातो. दाराच्या पत्र्यावर कंपशोषक पट्ट्या चिकटवणे हा अशा वेळी अधिक वॉटपेक्षा स्वस्त व परिणामकारक उपाय ठरतो.

मूळ स्वररचना

मूळ ॲम्प्लिफायर सपाट संकेत देतो, हे गृहीत धरता येत नाही. उत्पादकाने स्वस्त स्पीकरच्या उणिवा झाकण्यासाठी काही वारंवारता वाढवलेल्या व काही दाबलेल्या असतात. अनेक यंत्रणांत आवाज वाढत गेला की बास आपोआप कमी होतो, जेणेकरून लहान स्पीकर फाटू नये. नवा स्पीकर स्वतः कितीही उत्तम असला तरी त्याला दुसऱ्याच्या मापाने शिवलेला हा अंगरखा घालावा लागतो. मूळ स्पीकरच्या ज्या उणिवेची भरपाई केली होती ती उणीव नव्यात नसल्याने भरपाईच दोष बनते.

ॲक्टिव्ह यंत्रणेत ही अडचण वाढते. वूफरच्या वाहिनीत वरचे स्वर नसल्याने तिथे कोएक्सियल बसवल्यास त्याचा ट्वीटर जवळपास मुका राहतो. कॉम्पोनंट संचासोबत येणारी विभाजक पेटी जोडल्यास एकाच संकेताची दोनदा विभागणी होते आणि मधल्या स्वरांत खड्डा पडतो. तिथे विभाजक पेटी वगळून वूफर व ट्वीटर आपापल्या वाहिनीला थेट जोडतात; मात्र ट्वीटरच्या वाहिनीत खरोखरच केवळ वरचे स्वर येतात याची आधी खात्री करावी लागते, अन्यथा पहिल्याच गाण्यात तो निकामी होतो.

बसवणी आणि जोडणी

साडेसहा इंची स्पीकर हे नाव एक असले तरी छिद्रांची जागा व खोली उत्पादकागणिक बदलते. चुंबक जाड असल्यास काच खाली उतरताना त्याला अडते. म्हणून काच पूर्ण खाली असताना उपलब्ध खोली मोजतात आणि गरज पडल्यास मधे कडे बसवतात. मूळ स्पीकरमागे प्लॅस्टिकची पन्हळ किंवा पातळ पडदा असल्यास तो काढून टाकू नये. पावसाचे पाणी काचेच्या फटीतून दारात उतरतेच आणि हा पडदा ते कॉइलपासून दूर ठेवतो.

मूळ तारा कापण्याऐवजी त्या मोटारीसाठी मिळणारे जोडपट्टे वापरणे हितकारक असते. ब्रिज पद्धतीच्या ॲम्प्लिफायरमध्ये स्पीकरची वजा तार ही ‘अर्थ’ नसते. तिच्यावरही विद्युत् दाब असतो. जुन्या सवयीने ती मोटारीच्या बॉडीला जोडल्यास किंवा दोन स्पीकरांच्या वजा तारा एकत्र केल्यास ॲम्प्लिफायर बिघडू शकतो. स्पीकरची धन-ऋण दिशा कळत नसल्यास १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टोकांना टेकवून पाहतात: शंकू बाहेर सरकला, तर सेलच्या धन टोकाला टेकलेले टोक धन होय. ही चाचणी कपॅसिटर असलेल्या ट्वीटरवर चालत नाही. दोन दारांतील दिशा परस्परविरुद्ध राहिल्यास कोणताही भाग जळत नाही, पण बास नाहीसा होतो आणि आवाज नेमका कुठून येतो ते कळेनासे होते.

काही ॲम्प्लिफायर चालू होताना प्रत्येक वाहिनीवर भार आहे की नाही हे तपासतात. स्पीकर काढलेला आढळल्यास ते बिघाडाची नोंद करतात. प्रकाशतंतूंच्या वलयातून जोडलेल्या यंत्रणेत ॲम्प्लिफायरच काढल्यास वलय तुटते आणि संपूर्ण यंत्रणा मूक होते.

सूचनाध्वनी

भारतात एआयएस-१४५ या मानकानुसार १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत आसनपट्ट्याची आठवण, वेगमर्यादेचा इशारा व मागे घेतानाचा पार्किंग संवेदक अनिवार्य झाले. हे आवाज काही मोटारींत वेगळ्या बझरमधून, तर काहींत पुढच्या स्पीकरमधून येतात. दुसऱ्या प्रकारच्या मोटारीत पुढचा स्पीकर खंडित राहिला किंवा ट्वीटर बदलताना चुकीच्या वाहिनीला गेला, तर गाण्यासोबत इशाराही हरवतो. म्हणून बदलानंतर केवळ संगीत वाजवून न पाहता आसनपट्टा न लावता मोटार चालू करणे आणि मागच्या गिअरमध्ये टाकून संवेदकाचा आवाज तपासणे आवश्यक असते.

मूळ ॲम्प्लिफायर वगळणे

संरोध १ ओहमच्या आसपास असलेल्या यंत्रणांना बाजारात जुळणारा स्पीकर क्वचितच मिळतो. तेथे त्याच कंपनीचा मूळ सुटा भाग घेणे किंवा मूळ ॲम्प्लिफायरच्या पुढे नवा ॲम्प्लिफायर जोडणे हे दोनच पर्याय उरतात. दुसऱ्या पर्यायात स्पीकरच्या तारांतील संकेत हाय-लो कन्व्हर्टरमधून कमी करून नव्या ॲम्प्लिफायरला देतात. संकेत अनेक वाहिन्यांत विभागलेला असल्यास त्याआधी संकेतप्रक्रियक वापरून त्या वाहिन्या पुन्हा एकत्र कराव्या लागतात आणि मूळ स्वररचना उलटवावी लागते. हे काम मापनाच्या मायक्रोफोनशिवाय नीट होत नाही. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची नाना पेठ यांसारख्या बाजारांत सुटे भाग मिळतात. सोयगावसारख्या तालुक्याच्या गावातून मात्र अशा कामासाठी जळगाव किंवा छत्रपती संभाजीनगर गाठणे सोयीचे पडते. बदलामुळे झालेला बिघाड उत्पादकाच्या हमीत सहसा बसत नाही, म्हणून हमीचा काळ संपेपर्यंत जुने स्पीकर व त्यांचे जोडपट्टे जपून ठेवण्याचा प्रघात आहे.